ड्रायरवर विसरलेला ट्रे

ताई, शेपटी दिसली.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास. रियाने बेसिनपाशी येऊन मला बोलावलं, तर मी ओल्या हातमोज्यांनीच तिच्या स्क्रीनपुढे उभी. तिने एक्स-रेतून आलेली ती निळी जाळी फिरवली, फिरवली, एका जागी थांबवली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. मी बघितलं आणि तशीच कॉरिडॉरमधून तुमच्या खोलीकडे धावले. दारावर दोनदा टकटक केलं. मग आठवलं. हातमोज्यांचं पाणी तुमच्या दारात सांडलं होतं, ते पुसलं आणि परत आले.

तुम्हाला जाऊन तेव्हा तेहतीस दिवस झाले होते.

इथल्या मराठी मंडळाच्या काकू म्हणाल्या, मंगल, अंकासाठी ताईंवर दोन पानं लिही, तू रोज त्यांच्याबरोबर असायचीस. जन्म कुठला, शिक्षण काय, पेपर किती, असं सगळं. ते रियाने लिहिलंय, इंग्रजीत, चांगलं लिहिलंय. मला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. मला जे माहीत आहे ते मी तुम्हालाच सांगणार आहे, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

तुम्ही माझी मुलाखत घेतली तो दिवस आधी सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही मला घरी पाठवलं असतं तर हे पुढचं काहीच झालं नसतं. दादाने ग्रीन कार्डसाठी अर्ज केल्यावर तेरा वर्षांनी माझा नंबर लागला होता. बार्शीहून इथे अमेरिकेत, कॅरीला येऊन मला तीन महिने झाले होते आणि वहिनीच्या स्वयंपाकघरात मी नुसती ओटा पुसत होते. युनिव्हर्सिटीत काचसामान धुवायला माणूस हवंय असं दादाने वाचलं. तुम्ही इंग्रजीत काहीतरी विचारलंत, माझ्या कपाळावरचा घाम बघितलात आणि मराठीवर आलात.

"किती शिकलीस?"

"नववी. तीपण अर्धी."

"आणि पुढे?"

मी म्हटलं, लोणच्याच्या कारखान्यात बरण्या धुतल्या, अठरा वर्षं. तुम्ही हसला नाहीत. टेबलावरचा एक चंबू माझ्या हातात दिलात नि विचारलंत, हा स्वच्छ आहे का. मी तो नळाखाली धरून उपडा केला. पाणी तीन ठिकाणी तुटलं. म्हटलं, नाही, पाणी सलग उतरत नाही, आत तुपकट आहे.

"अरे बाप्पा," तुम्ही म्हणालात, "माझ्या दोन पीएचडींना हे चार वर्षांत कळलं नाही."

नोकरी मिळाली म्हणून मी घाबरले. नसती मिळाली तरी घाबरले असते, तो माझा स्वभावच. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की बरण्या धुण्यात गेलेली माझी अठरा वर्षं अगदीच वाया गेली नाहीत. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही. आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणायचात, "डब्यात काय आहे ते सांग."

कॅरीहून युनिव्हर्सिटीत जायला धड बस नाही, दादाचं ऑफिस उलट्या दिशेला. तुम्ही दोन सिग्नल पलीकडे राहत होतात, म्हणून सहा महिने रोज तुमच्या गाडीतून. मग एका रविवारी देवळाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवलंत. आता मी ड्राइव्ह करते, ताई. डावीकडे वळायचं असलं की अजून तुमचा आवाज ऐकू येतो, "बाई, थांब, ट्रक आधी जाऊ दे."

त्या गाडीत मला सोळा नंबर आणि दहा नंबर भेटले.

मी विचारलं होतं, एवढं धुऊन-पुसून तुम्ही करता तरी काय. तुम्ही म्हणालात, तुमच्या कारखान्यात बरणीवर सील लावायचे ना? समजा दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या भेसळीच्या बरण्या आणल्या आणि त्यांच्यावर हुबेहूब तुमचं सील मारलं, तर गेटवरचा वॉचमन अडवेल का? नाही अडवणार. करोनाचा विषाणू असंच करतो. त्याचा आरएनए म्हणजे त्याची सगळी लिखापढी. पेशीत शिरल्यावर तिचे पहारेकरी तो तपासतात, आपल्या घरचा आहे का परका. विषाणूकडे एक एन्झाइम आहे, ते त्या आरएनएच्या डोक्यावर मिथाइल नावाची एवढीशी खूण लावतं. पेशीच्या आरएनएवर असते तशीच. पहारेकरी फसतात. ते सील मारणारं एन्झाइम म्हणजे तुमचा सोळा नंबर.

"मग दहा नंबर काय करते?" मी विचारलं. दहा नंबर बाई आहे हे मी मनानेच ठरवून टाकलं होतं.

तुम्ही म्हणालात, दहा नंबर विषाणूचंच दुसरं प्रथिन, पण ती स्वतः सील मारत नाही. ती नुसती सोळाला बाजूने धरून ठेवते. पण ती नसली तर सोळा ढेपाळतो, त्याला काही काम जमत नाही. मी म्हटलं, कारखान्यात आमच्याकडेपण एक जण बरणी धरायची नि एक जण दाबायची, पण धरणारीचं नाव मुकादमाच्या तोंडात कधी यायचं नाही. तर तुम्ही म्हणालात, इथे तसं नाही, दोघांचं नाव एकत्रच लिहितात, मध्ये तिरकी रेघ मारून. मला ते फार आवडलं. घरी जाऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, बरं, कोथिंबीर निवडून घे.

सोळा कसा दिसतो हे कळलं तर त्याच्या हातात बसेल असं औषध बनवता येईल, म्हणून तुम्हाला त्याचा फोटो हवा होता. आरएनएचं डोकं त्याच्या खाचेत कसं बसतं ते आधीच माहीत होतं. तुम्हाला पुढचं बघायचं होतं. डोकं आत गेल्यावर मागची शेपटी कुठे जाते? रिया म्हणायची, ती पाण्यात मोकळी वळवळत असणार, दिसणारच नाही. तुम्ही म्हणायचात, नाही, ती दहा नंबरवर टेकते. या रियाबद्दल बाकीच्यांना सांगते, ती ताईंची विद्यार्थिनी. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, बोलताना निम्म्यात इंग्रजीवर जाते. तुम्हा दोघींची पैज लागली होती. जी हरेल तिने अख्ख्या लॅबला साबुदाण्याची खिचडी करून घालायची, मोकळी, गोळा झालेली चालणार नाही.

फोटो काढायला आधी क्रिस्टल हवा. सोळा, दहा आणि आरएनएचा तुकडा एकत्र करून त्याचे इवलेसे थेंब ठेवायचे, एका ट्रेमध्ये चोवीस. मग वाट बघायची. थेंब सावकाश आटतात, आणि नशीब असलं तर आतले कण एका रांगेत बसून त्यांचा स्फटिक, तोच क्रिस्टल, होतो. बहुतेक वेळा नुसता चिखल होतो. जुने ट्रे टाकून देणं माझं काम. पण तुम्ही नियम घालून दिला होता, टाकायच्या आधी एकेक थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा, मगच कचऱ्यात. "तुझी नजर बरी आहे," म्हणालात. पाच वर्षांत मी किती चिखल बघितला असेल, ताई, आणि एकदाही कंटाळा आला नाही.

आता ते सांगते जे सांगायचं राहिलं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी तुम्ही बारा ट्रे लावलेत आणि मला म्हणालात, थंड खोलीत ठेवून ये. ती खोली म्हणजे आत चालत जायचा फ्रीज. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात आतून दार उघडायची कडी मला सापडली नव्हती. चारपाच मिनिटंच अडकले असेन, पण तेव्हापासून मी आत जाताना एका पायाने दार अडवून धरते आणि हातात थोडंच सामान नेते. त्या दिवशी तशाच खेपा केल्या. शेवटचा ट्रे काचसामान सुकवायच्या ड्रायरवर ठेवला, हात मोकळा करायला. तेवढ्यात वाफेच्या मशिनची घंटा वाजली, मी तिकडे गेले, आणि विसरले.

सोमवारी बघते तर बारावा ट्रे ड्रायरवर तसाच. खाली हात लावला तर कोमट. मी इकडेतिकडे बघितलं, तो उचलला, थंड खोलीत त्याच्या जागेवर नेऊन ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. चोवीस थेंब वाया घालवले, आता कळेल, आता हाकलतील.

तीन आठवड्यांनी तुम्ही हाक मारलीत, "मंगल, इकडे ये, डोळा लाव."

मी डोळा लावला. खडीसाखरेचा चुरा करून कुणी थेंबात टाकावा तसं लखलखत होतं. ट्रेची बाजू बघितली. बारावा.

तुम्ही माझे खांदे धरून मला गदागदा हलवलंत. दुपारी अख्ख्या मजल्याला पेढे वाटलेत, त्या कोरियन प्रोफेसरांनी तीन खाल्ले. त्या वेळी कोणत्या तोंडाने सांगणार होते, की हाच ट्रे मी विसरले होते? वाटलं, सगळं चांगलं झालंय ना, मग कशाला.

पण क्रिस्टल छोटे होते. एक्स-रेमध्ये डोकं स्वच्छ दिसलं, शेपटीच्या जागी नुसतं धूसर. "हरकत नाही," तुम्ही म्हणालात, "आणखी मोठे वाढवू. कृती तर हातात आहे." आणि वहीतल्या कृतीप्रमाणे पुन्हा लावलेत. चिखल. पुन्हा. चिखल. आठ महिने, ताई. तुम्ही मीठ बदललंत, पाणी बदललंत, माझ्या धुण्याचा साबणसुद्धा बदलून बघितलात. सगळे ट्रे नेमाने थंड खोलीत जात होते. मीच नेत होते. आता एकही विसरत नव्हते.

मला कळत होतं का? खरं सांगायचं तर अर्धवट. ऊब लागल्याने क्रिस्टल होतो असं मला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या एका ट्रेचं काय वेगळं झालं होतं, हे जगात फक्त मला माहीत होतं.

तुमचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुम्ही म्हणायचात, जे करतेस ते वहीत लिही. कोणता ट्रे कधी, कुठे ठेवला. जे वहीत नाही ते झालंच नाही. मी म्हणायची, मला इंग्रजी लिहिता येत नाही. "मग मराठीत लिही. काहून लिहीत नाहीस?" मी म्हणायची, तुमच्या वहीत माझं अक्षर नको, लोक हसतील. एकदा तुम्ही खरंच चिडलात. म्हणालात, तुला तुझी लाज वाटते आणि त्याचा त्रास मला होतो. दोन दिवस गाडीत आपण फक्त रेडिओ ऐकला. शेवटी माझ्याऐवजी तुम्हीच लिहू लागलात. मी तोंडी सांगायचं, तुम्ही वहीत मांडायचं. त्या शुक्रवारचंही तुम्हीच लिहिलंत, मी "ठेवले" म्हटल्यावर. बारा ट्रे, चार डिग्री, मंगल.

मलाही तुमचा राग यायचा, तोही सांगून टाकते. बारावीच्या बरोबरीची ती परीक्षा दे म्हणून तुम्ही माझ्या किती मागे लागलात. मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघांत माझी ओळख "माझी सहकारी" अशी करून दिलीत, तर त्या ह्यूस्टनहून आलेल्या बाईंनी मला विचारलं, तुमची पीएचडी कुठली? मी म्हटलं, बार्शीची, लोणच्यात. तुम्ही हसून हसून खुर्चीत बसलात. मी घरी जाऊन रडले होते. तुम्हाला वाटायचं, तुम्ही म्हटलं की माणूस मोठं होतं. तसं होत नाही हो. वेळ लागतो.

तुमच्या आजारपणात तुमच्या घरी मी शेवटची आले त्या दुपारी सांगायचं ठरवूनच आले होते. मुगाची खिचडी आणली होती, तुम्ही चार घास खाल्लेत. मी म्हटलं, "ताई, त्या बाराव्या ट्रेचं एक सांगायचंय."

"आज ट्रे नको," तुम्ही डोळे मिटून म्हणालात. "फॉर्म भरलास का परीक्षेचा?"

मी म्हटलं, भरते. तुम्ही म्हणालात, भरते नको, भरला म्हण. आणि झोप लागली तुम्हाला. मी ताट उचललं, पातेलं धुतलं, पाणी सलग उतरतंय का बघितलं आणि घरी आले.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रियाला सगळं सांगितलं. ड्रायर, शुक्रवार, सोमवार, कोमट. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा विभागाच्या साहेबांकडे नेईल. तिने सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंगलमावशी, ड्रायरच्या वरचं टेम्परेचर किती असतं?"

मी म्हटलं, मला काय माहीत. ती उठलीच. थर्मामीटर आणलं, ड्रायरवर ठेवलं, दर दहा मिनिटांनी बघू लागली. सँडविच तसंच. दुपारभर तिने माझ्याकडून खोदून खोदून काढलं, डावीकडे ठेवला होता की उजवीकडे, ड्रायर शनिवार-रविवार चालू होता का, ट्रे परत नेला तेव्हा सकाळचे किती वाजले होते. एवढ्या बारकाईने मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी बॅग खांद्याला लावताना मात्र तिचा चेहरा बदलला. "तिला जिवंतपणी दिसलं असतं, मावशी," एवढंच म्हणाली आणि गेली.

हे मी कुठे ठेवू, ताई? याला जागा नाही. ते माझ्याबरोबरच राहणार.

दुसऱ्या दिवशी रियाने फ्रीजरमधून नळ्या काढल्या. सोळा आणि दहा, तुम्ही जाण्याआधी बनवून ठेवलेले. प्रत्येक नळीवर तुमचं बारीक अक्षर. तिने बारा ट्रेमध्ये थेंब लावले, मी ते ड्रायरवर ठेवले, बरोबर त्याच कोपऱ्यात. कुणी हलवू नये म्हणून तिने लाल अक्षरांत पाटी लावली. तीन दिवस मी त्या ड्रायरभोवती अशी घुटमळत होते, की लोक विचारायला लागले आत काय भाजायला ठेवलंय. मग थंड खोली. या वेळी बाराही ट्रे एकदम नेले. दार मागे लागू दिलं. हिरवी कडी ढकलली, उघडलं.

सहाव्या दिवशी मी डोळा लावला आणि रियाला हाताला धरून ओढत आणलं. चुरा नव्हता, ताई. खडे होते. कडा अशा, की बोट कापेल. एक-दोन नाही, चार ट्रेमध्ये. रियाने ते नाजूक फासात एकेक पकडून गोठवले, दुसऱ्या राज्यातल्या त्या मोठ्या एक्स-रेच्या यंत्राकडे कुरिअरने पाठवले, आणि मग मंगळवार उजाडला.

ऐका आता. डोकं खाचेत, ते तर माहीतच होतं. त्याच्या मागे एक मणी, दुसरा मणी, तिसरा, निळ्या जाळीत स्वच्छ. तिथून शेपटी वळते. मोकळी सुटत नाही. सोळाच्या काठावरून खाली उतरते आणि दहा नंबरच्या अंगाला टेकते. अगदी तुम्ही गाडीत सिग्नलला थांबून स्टिअरिंगवर बोटाने काढून दाखवलं होतं तशी. धरणारी नुसती सोळालाच धरत नाही, ती बरणीलाही हात लावते.

रिया म्हणते, अजून पुष्कळ तपासायचंय, आकडे नीट बसवायचेत, मावशी तुम्ही आत्ताच उड्या मारू नका. पण ती स्वतः मंगळवारी खुर्चीत बसून गोल गोल फिरत होती, ते मी बघितलंय. आणि साबुदाणा किती वेळ भिजवायचा, हे तिने मला दोनदा विचारलंय.

काल तिने तुमची वही काढली. कृती सुधारून ठेवायला हवी, म्हणाली, आणि ती मी लिहायची, कारण ट्रे मी ठेवला होता. मी म्हटलं, तूच लिही ना, मी सांगते. ती म्हणाली, "नो, मावशी. तुम्ही."

लॅबच्या वहीचा नियम तुम्हीच मला शिकवला होता. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकीच्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं, आजची तारीख आणि सही.

तुमच्या अक्षरावर रेघ मारायची होती, ताई. चार डिग्री, यावर. मी पेन घेऊन बराच वेळ बसले. शेजारी माझं नाव होतं, तुमच्या हातचं, आणि ज्या गोष्टीपुढे ते होतं ती मी केलेलीच नव्हती. रिया दुसरीकडे बघत बसली.

मग मारली. आणि शेजारी लिहिलं, मराठीत: "अकरा ट्रे थंड खोलीत ठेवले. बारावा ट्रे मी ड्रायरवर विसरले. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ तो तिथेच होता, नंतर थंड खोलीत नेला. तेव्हा सांगितलं नाही." खाली तारीख. खाली सही, पूर्ण नावाची.

रेघ थोडी वाकडी आली आहे. खालचं तुमचं अक्षर नीट वाचता येतं.

फॉर्म भरला, ताई.